रेशमाचा माग आणि अनाथ लेकरे : संत क्लॉदीन तेवने यांचे जीवन

ओझरवरून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या रोजच्या येण्याजाण्याचा आहे. या रस्त्याची दोन्ही टोके ज्या एका संन्यस्त संघाच्या भारतातील इतिहासाशी जोडलेली आहेत, त्या संघाच्या संस्थापिकेचा परिचय आज आम्ही वाचकांना करून देत आहोत. येशू आणि मरिया धर्मभगिनींचा संघ १८४२ साली प्रथम आग्र्यास आला. पुढे त्याच्या शाखा मुंबई आणि पुण्यापर्यंत पसरल्या. संघाची स्थापना करणाऱ्या क्लॉदीन तेवने यांनी मात्र भारत कधीच पाहिला नाही. त्यांचे सारे आयुष्य फ्रान्समधील ल्यों या रेशमाच्या शहरात व त्याच्या आसपास गेले. आपल्याकडे त्यांचे आडनाव थेवनेट असेही उच्चारले जाते.

दरवर्षी ३ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा त्यांचे स्मरण करते. कॉन्व्हेंट शाळा हा शब्द आज आपल्या समाजात प्रतिष्ठेचा झाला आहे. परंतु ही शाळा सुरू कशी झाली, ती कोणासाठी होती आणि ती चालविताना काय काय सोसावे लागले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. क्लॉदीन यांच्या चरित्रात याचे उत्तर सापडते, म्हणून ते सविस्तर सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

बालपण आणि वेढा

क्लॉदीन यांचा जन्म ३० मार्च १७७४ रोजी ल्यों येथे झाला. वडील फिलिबेर तेवने हे रेशमाचे व्यापारी होते. सात भावंडांत क्लॉदीन दुसऱ्या. घरात त्यांना लाडाने ग्लादी म्हणत. नवव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी शहरातील सेंट पिएर मठात ठेवण्यात आले. तेथील धर्मभगिनींच्या सहवासात त्यांना प्रार्थनेची, वाचनाची आणि नीटनेटक्या कामाची गोडी लागली. रेशमाचा धागा तुटू न देता हळुवार हाताळावा लागतो, हे व्यापाऱ्याच्या घरातील मुलीला वेगळे शिकवावे लागत नाही. येवल्याच्या विणकरांची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे सहज उमगेल.

१७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली तेव्हा क्लॉदीन पंधरा वर्षांच्या होत्या. पुढील काही वर्षांत मठ बंद पडले आणि धर्मगुरूंना लपून राहावे लागले. १७९३ साली ल्यों शहराने पॅरिसच्या क्रांतिकारी सत्तेविरुद्ध बंड पुकारले. ऑगस्टमध्ये सुरू झालेला वेढा ऑक्टोबरमध्ये शहर पडल्यानंतरच उठला. शहराच्या बचावासाठी लढलेल्यांमध्ये क्लॉदीन यांचे दोन भाऊ होते. एक वीस वर्षांचा, दुसरा अठरा वर्षांचा. विजयी सत्तेने शहराचे नावसुद्धा पुसून टाकण्याचा हुकूम काढला आणि शेकडो माणसांना गोळ्या घालून वा गिलोटीनखाली ठार केले. त्या सूडसत्रात सुमारे १,९०० जणांचा बळी गेला.

क्लॉदीन यांचे भाऊ त्यांत होते. जानेवारी १७९४ मध्ये कैद्यांना वधस्थानाकडे नेत असताना एकोणीस वर्षांची ही बहीण रस्त्याच्या कडेला उभी होती. आम्ही क्षमा केली आहे, तूही कर, असा निरोप भावांनी तिला दिला. त्यानंतर जे घडले ते तिने डोळ्यांनी पाहिले. त्या धक्क्याने त्यांच्या शरीराला जी इजा झाली ती कायमची. डोके सतत थरथरत राही आणि श्वास घेताना त्रास होई. शेवटच्या दिवसापर्यंत हा कंप त्यांच्या सोबत होता. ज्या लोकांनी भावांविरुद्ध तक्रारी केल्या, त्याच शहरात, त्याच गल्ल्यांमध्ये त्यांना पुढची चाळीसहून अधिक वर्षे राहायचे होते. भावांचा निरोप पाळणे ही त्यांच्यासाठी एका दिवसाची गोष्ट नव्हती.

चर्चच्या दारातील दोन मुली

क्रांती आणि त्यानंतरची युद्धे यांनी ल्योंमध्ये असंख्य मुले उघड्यावर टाकली. त्यांना आईबाप नव्हते, अक्षरओळख नव्हती आणि देव कोण हे सांगणारे कोणी नव्हते. क्लॉदीन यांना सर्वांत अधिक दुःख या शेवटच्या गोष्टीचे होई. देवाचे प्रेम न अनुभवता मोठे होणे यासारखे दारिद्र्य नाही, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी लग्न केले नाही. घरी राहून, गावातील गरिबांच्या घरी जाऊन, मुलांना शिकवून त्यांनी वीस वर्षे काढली.

१८१५ साली आंद्रे क्वांद्र नावाच्या तरुण धर्मगुरूंना सेंट निझिए चर्चच्या दारात थंडीने कुडकुडणाऱ्या दोन लहान मुली आढळल्या. त्यांनी त्या मुलींना क्लॉदीन यांच्याकडे आणले. दोघींना आश्रय मिळाला आणि त्यांच्यामागून आणखी मुली येऊ लागल्या. या कामासाठी ३१ जुलै १८१६ रोजी काही स्त्रियांनी मिळून एक संघटना उभारली व क्लॉदीन यांना तिच्या अध्यक्ष नेमले. या स्त्रिया आपापल्या घरी राहत आणि ठरावीक वेळी सेवेला येत. परंतु अनाथ लेकरांना रात्रीही आई लागते. ठरावीक वेळेच्या सेवेने भागणार नाही, हे दोनच वर्षांत स्पष्ट झाले.

ऑक्टोबर १८१८ मध्ये क्लॉदीन यांनी घर सोडले. त्याच वर्षी उन्हाळ्यात आपल्या मालेगावचा किल्ला इंग्रजांनी वेढा घालून घेतला होता आणि पेशवाई संपली होती. क्लॉदीन तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. सुखवस्तू घर मागे ठेवून त्या क्र्वा-रूस या विणकरांच्या टेकडीवरील एका भाड्याच्या घरात राहायला गेल्या. बरोबर एक कामकरी स्त्री, एक अनाथ मुलगी आणि एक रेशमी माग एवढीच शिदोरी होती. आपण अविचाराने एका वेड्या धाडसात उडी घेतली आहे आणि ते यशस्वी होण्याची काहीच शाश्वती नाही, असे त्या पहिल्या रात्री वाटल्याचे त्यांनी नंतर प्रांजळपणे मान्य केले. संतांना शंका शिवत नाहीत असे मानणाऱ्यांनी ही रात्र लक्षात ठेवावी.

माग चालला तर चूल पेटे

पहिला माग केवळ प्रतीक म्हणून आणलेला नव्हता. त्या काळी मुलींच्या अनाथाश्रमाला सरकारी अनुदान मिळत नसे. आश्रम चालवायचा तर मुलींच्या हातांना काम द्यावे लागे. ल्योंमध्ये रेशमाखेरीज दुसरे काम ते कोणते? १८०४ च्या सुमारास याच शहरात जकार यांनी छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला होता. जकार्ड या नावाने तो आपल्या येवल्यातही ओळखीचा आहे. क्लॉदीन यांच्या आश्रमात लहान मुली कांड्या भरत, मोठ्या मुली मागावर बसत. दिवसाच्या उरलेल्या वेळात वाचन, लेखन, हिशोब, शिवण, स्वयंपाक आणि धर्मशिक्षण असे. मुलगी आश्रमातून बाहेर पडेल तेव्हा तिला स्वतःचे पोट भरता यावे आणि घर चालविता यावे, हा हेतू होता.

परंतु रेशमाचा धंदा लहरी होता. राजदरबारी फॅशन बदलली, परदेशातील मागणी घटली किंवा कोषांचे पीक बुडाले, की व्यापारी सूत देणे बंद करीत. माग थांबे, आणि जेवायला बसणाऱ्यांची संख्या मात्र तेवढीच राही. मंदीत शहरातील गरिबी वाढे, त्यामुळे दारात येणाऱ्या मुलीही वाढत. ज्या काळात उत्पन्न सर्वांत कमी, त्याच काळात खर्च सर्वांत जास्त, हे गणित आश्रम चालविणाऱ्या प्रत्येकाला परिचयाचे आहे.

या कामाची दुसरी बाजूही आम्ही लपवू इच्छित नाही. ल्योंच्या विणकरांची अशी तक्रार होती, की आश्रमांतील स्वस्त श्रमांमुळे त्यांच्या मजुरीचे दर पडतात. तक्रार अगदीच निराधार नव्हती. क्लॉदीन यांच्या निधनानंतर १८४८ साली संतप्त कामगारांनी शहरातील अनेक आश्रमांतील माग मोडून टाकले. मुलांनी कष्ट करून स्वतःचा सांभाळ करावा ही त्या काळची रीत आज आपण स्वीकारणार नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र तेव्हा त्या मुलींपुढे उघडी असलेली दुसरी दारे कारखान्याची, भिकेची आणि त्याहून वाईट गोष्टींची होती, हेही विसरून चालणार नाही.

१८२० साली संस्थेने फुर्विएर टेकडीवर, पवित्र मरियेच्या प्रसिद्ध तीर्थस्थानासमोर जागा विकत घेतली. मुली व भगिनी तेथे राहायला गेल्या. तेथे अनाथ मुलींच्या आश्रमाबरोबर सुखवस्तू कुटुंबांतील मुलींसाठी निवासी शाळाही उभी राहिली. क्रांतीत मठांच्या शाळा बंद पडल्यामुळे अशा घरांतील मुलीही धर्मशिक्षणापासून वंचित होत्या. शिवाय त्यांच्या शुल्काने संस्थेला आधार मिळे. दोन्ही संस्था शेजारी शेजारी, पण वेगवेगळ्या चालत. एकीत रेशमी वस्त्र नेसणाऱ्यांच्या लेकी होत्या, दुसरीत रेशीम विणणाऱ्या. यांतील कोणाकडे अधिक लक्ष द्यायचे, हा प्रश्न भगिनींपुढे रोज उभा राही. क्लॉदीन यांनी त्याचे उत्तर ठरवून टाकले होते. पक्षपात करायचाच असेल तर जी सर्वांत गरीब आहे, जिच्यात सर्वांत जास्त उणिवा आहेत आणि जिच्याविषयी आपुलकी वाटणे सर्वांत कठीण आहे, तिच्या बाजूने करावा. भगिनींनी या मुलींच्या आत्म्याच्या तशाच देहाच्याही आया व्हावे, अशी त्यांची अपेक्षा होती. मुलगी आजारी असेल, अंथरुणात थंडीने गारठली असेल, तर आधी तिची काळजी आणि मग प्रार्थनेचा धडा, असा हा क्रम होता.

संकटांची दहा वर्षे

२५ फेब्रुवारी १८२३ रोजी मोनिस्त्रोल येथे क्लॉदीन व त्यांच्या सोबतिणींनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची व्रते घेतली. क्लॉदीन आता मदर मारी सेंट इग्नास झाल्या. यापुढे सारे सुरळीत होईल असे वाटत असतानाच आघात सुरू झाले. १८२६ मध्ये फादर क्वांद्र ऐन उमेदीत, चाळिशीही गाठण्यापूर्वी निवर्तले. संघाची नियमावली अजून पूर्ण झालेली नव्हती. १८२८ मध्ये पहिल्या सोबतिणींपैकी सर्वांत कर्तबगार भगिनी मृत्यूने नेल्या. ज्यांच्या हाती वर्ग, हिशोब आणि नव्या भगिनींचे प्रशिक्षण सोपवावे, अशी माणसेच उरली नाहीत.

याच सुमारास दुसरे संकट आपल्याच माणसांकडून आले. हा छोटा संघ संत सोफी बारा यांनी स्थापलेल्या मोठ्या संघात विलीन करावा, असा प्रयत्न झाला. वरकरणी तो शहाणपणाचा होता. मोठ्या संघाकडे माणसे होती, पैसा होता, नाव होते. क्लॉदीन यांनी मात्र ठाम विरोध केला. चर्चच्या दारातील त्या दोन मुलींसाठी जे काम सुरू झाले, त्याचे स्वतंत्र कूळ टिकले पाहिजे, असे त्यांना वाटत होते. आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या स्त्रीने वरिष्ठांसमोर नकार देणे किती अवघड असते, याची कल्पना संन्यस्त जीवनाशी परिचय असलेल्यांना येईल.

त्यानंतर शहर पुन्हा पेटले. नोव्हेंबर १८३१ मध्ये मजुरीच्या दरावरून विणकरांनी उठाव केला आणि काही दिवस शहर ताब्यात घेतले. एप्रिल १८३४ मध्ये पुन्हा उठाव झाला. तो तोफांनी चिरडण्यात आला व शेकडो माणसे मेली. फुर्विएरची टेकडी शहरावर नजर ठेवणारी, त्यामुळे लढणाऱ्यांना मोक्याची. आश्रम आणि शाळा अशा रीतीने लढाईच्या रेषेवर आल्या आणि त्याचे परिणाम त्यांना भोगावे लागले. चाळीस वर्षांपूर्वी वेढ्यात भाऊ गमावलेल्या या वृद्ध होऊ लागलेल्या स्त्रीच्या कानांवर पुन्हा तोच आवाज पडत होता. या वेळी तिच्या मागे घरभर लेकरे होती. आश्रमातील मुली ज्या विणकरांच्या घरांतून आल्या होत्या, तेच विणकर रस्त्यावर मरत होते.

अखेरचा कडू प्याला

क्लॉदीन यांची प्रकृती ढासळत गेली. शेवटच्या काळात संस्थेसाठी नेमलेल्या धर्मगुरूंशी त्यांचे मतभेद झाले. संघाची नियमावली स्वतःच्या विचारानुसार बदलावी असा त्यांचा आग्रह होता. जानेवारी १८३७ च्या अखेरीस क्लॉदीन अंथरुणाला खिळल्या. त्यांना रुग्णाभ्यंग देताना या धर्मगुरूंनी त्यांची कठोर हजेरी घेतली. मिळालेल्या कृपांचा तुम्ही काय उपयोग केला, तुम्ही तर संघाच्या प्रगतीत अडथळा ठरलात, असे त्यांनी सर्वांसमोर सुनावले. एका मरणासन्न स्त्रीवर धर्मगुरूने केलेला हा आघात वाचताना आम्हा धर्मगुरूंची मान खाली जाते. क्लॉदीन यांनी प्रत्युत्तर दिले नाही. देव किती चांगला आहे, एवढेच त्यांच्या ओठांवर राहिले. शुक्रवार, ३ फेब्रुवारी १८३७ रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. भावांकडून एकोणिसाव्या वर्षी शिकलेली क्षमा त्यांना अखेरच्या आठवड्यातही उपयोगी पडली.

आग्रा, मुंबई, पुणे

त्यांच्या मागे राहिलेला संघ लहान होता आणि फ्रान्सबाहेर कोणास ठाऊक नव्हता. तरीही पाचच वर्षांनी, आग्र्याचे बिशप बोर्गी यांच्या हाकेला ओ देऊन, सहा भगिनी भारतात आल्या. आग्रा प्रांताने १८३७-३८ चा भीषण दुष्काळ नुकताच सोसला होता. छावण्यांमध्ये सैनिकांच्या अनाथ मुली होत्या. ल्योंमध्ये जे काम रेशमाच्या मागाशेजारी चालले, ते येथे लष्करी छावणीच्या शेजारी सुरू झाले. १८४५ मध्ये मसुरी येथे शाळा निघाली. १८४७ मध्ये पोप नववे पायस यांनी संघाला मान्यता दिली. १८५७ च्या उठावात आग्र्यातील भगिनींना मुलींसह किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. फुर्विएरच्या भगिनींना हा अनुभव नवा वाटला नसता.

१८५० च्या दशकात, बिशप अनास्तासियुस हार्टमन मुंबईचा कारभार पाहत असताना, हा संघ मुंबईत आला. त्यानंतर त्याने पुण्याच्या छावणीत शाळा सुरू केली. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी पुण्याला जायचे तर घाटाचा टप्पा रस्त्यानेच चढावा लागे. मुंबईत ख्रिस्ती समाज पोर्तुगीज पाद्रुआदो आणि रोमची प्रोपागांदा यांच्या वादाने दुभंगलेला होता. सरकारी अनुदानाचे धोरण १८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर आले. तोवर शुल्क, देणग्या आणि भगिनींची काटकसर यांवरच शाळांची मदार होती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुण्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली होती. त्याच शहराच्या छावणीत कॉन्व्हेंट शाळा आली, परंतु या दोन शाळांमध्ये तेव्हा मोठे अंतर होते. कॉन्व्हेंटच्या बाकांवर प्रथम प्रामुख्याने युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबांतील मुली आणि सैनिकांची अनाथ लेकरे बसली. मराठी घरातील मुलगी तेथे पोहोचायला बराच काळ जावा लागला. हे अंतर आपल्या इतिहासाचा भाग आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी क्लॉदीन यांना ४ ऑक्टोबर १९८१ रोजी धन्यवादित आणि २१ मार्च १९९३ रोजी संत म्हणून घोषित केले.

आपल्यासमोरील प्रश्न

वाचकहो, जून महिना जवळ आला की पालक आमच्याकडे शिफारसपत्रासाठी येतात. कोणी कारखान्यातील नोकरदार असतात, कोणी द्राक्षबागेत मजुरीला येणारे. दोघांनाही मुलीसाठी एकच शाळा हवी असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांना २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवण्यास सांगितले. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळांना त्यातून सूट मिळाली. आपल्या संस्थांच्या स्वातंत्र्यासाठी ती सूट महत्त्वाची आहे, हे आम्ही जाणतो. परंतु कायद्याने जे मागितले नाही, ते आपल्या संस्थापिकांनी आधीच देऊन ठेवले आहे, हे विसरता येणार नाही.

निवासी शाळेच्या शुल्काशिवाय संस्था टिकणार नाही, हे क्लॉदीन यांनाही कळत होते. म्हणून त्यांनी श्रीमंतांच्या मुलींसाठी दार बंद केले नाही. मात्र दुसरे दार त्यांनी कधीही लावले नाही, आणि आपला कल कोणत्या दाराकडे आहे हे भगिनींना सतत सांगत राहिल्या. आपल्या धर्मप्रांतातील प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापनाने, शिक्षकाने आणि पालकानेही यंदाच्या प्रवेशाच्या दिवसांत हा कल आठवावा, एवढीच आमची विनंती आहे. ज्या मुलीचे शुल्क थकले आहे, जिला इंग्रजी येत नाही, जिच्या वागण्याने शिक्षिका वैतागल्या आहेत, तिचे नाव यादीतून गळण्याआधी एकदा थांबून विचार व्हावा.

संत क्लॉदीन यांच्या मध्यस्थीने आपल्या शाळांतील लेकरांना, त्यांच्यासाठी झिजणाऱ्या धर्मभगिनींना आणि शिक्षकांना प्रभू येशू आपला आशीर्वाद देवो, ही प्रार्थना.